नामदार गोखले : एका प्रश्नकर्त्याचे चरित्र

मराठी गद्याचा इतिहास लिहिताना लोकमान्य टिळक आणि गोपाळ गणेश आगरकर यांच्यासाठी स्वतंत्र प्रकरण राखले जाते. त्यांचे समकालीन आणि सहकारी गोपाळ कृष्ण गोखले यांचा उल्लेख मात्र ओझरता येतो. याचे कारण उघड आहे. गोखल्यांचे महत्त्वाचे जवळजवळ सर्व लेखन आणि वक्तृत्व इंग्रजीत आहे. तरीही त्यांच्या नावामागे ‘नामदार’ ही उपाधी मराठी समाजाने कायमची जोडली. ही उपाधी विधिमंडळाच्या सभासदत्वातून आली. मराठी लोकमानसात गोखले ज्या रूपाने राहिले ते रूप सरकारला सभागृहात जाब विचारणाऱ्या सभासदाचे आहे, ही गोष्ट त्यांच्या चरित्राचा विचार करताना पुरेशी ध्यानात घेतली गेलेली नाही. प्रस्तुत लेखात त्यांचे चरित्र या एका सूत्राने पाहावयाचे आहे : ज्या सभागृहात मतदानाचा निकाल आधीच ठरलेला असे, तेथे प्रश्न विचारण्याचा अर्थ काय होता आणि तो नेमका कोणासाठी विचारला जात होता?

गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या गावी झाला. वडील कृष्णराव कागल संस्थानात नोकरीस होते. ते १८७९ साली वारले आणि घराचा भार थोरले बंधू गोविंदराव यांच्यावर पडला. बंधूंनी तुटपुंज्या पगारातून पैसे काढून धाकट्याचे शिक्षण चालू ठेवले. कोल्हापूरचे राजाराम कॉलेज, पुण्याचे डेक्कन कॉलेज आणि मुंबईचे एल्फिन्स्टन कॉलेज असा प्रवास करून गोखले १८८४ साली पदवीधर झाले. पुढल्याच वर्षी ते पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाले आणि डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद म्हणून त्यांनी फर्ग्युसन कॉलेजात १९०२पर्यंत अध्यापन केले. अंकगणितावरील त्यांचे पाठ्यपुस्तक शाळांतून दीर्घकाळ वापरात होते. आकड्यांशी असलेला हा शिक्षकी परिचय पुढे सभागृहात किती उपयोगी पडला, हे त्यांची भाषणे वाचणाऱ्यास सांगावे लागत नाही.

मात्र आकड्यांना सार्वजनिक अर्थ देण्याची दीक्षा त्यांना न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याकडून मिळाली. सार्वजनिक सभेचे चिटणीस आणि तिच्या त्रैमासिकाचे संपादक म्हणून गोखले १८९०पासून रानड्यांच्या नजरेखाली काम करू लागले. सरकारी अहवाल वाचणे, त्यांतील तक्ते परस्परांशी ताडून पाहणे, विसंगती शोधणे आणि मग अर्जाचा मसुदा रचणे, असे हे शिक्षण होते. अर्जांना सरकारकडून दोन ओळींची पोच येई. तरुण गोखल्यांना हे श्रम वाया जातात असे वाटले, तेव्हा रानड्यांनी त्यांची समजूत घातली, ती आठवण गोखल्यांनीच पुढे नमूद करून ठेवली आहे. हे अर्ज नावाने सरकारला लिहिलेले असले तरी ते खरोखर लोकांना उद्देशून आहेत, लोकांना या विषयांवर विचार करण्याची सवय लागावी हा त्यांचा हेतू आहे, असे रानड्यांचे सांगणे होते. गोखल्यांच्या पुढील सर्व प्रश्नांमागे ही शिकवण उभी आहे.

दुसरा धडा फार कठोर होता. १८९७ साली वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी ते लंडनला गेले. हिंदुस्थानच्या खर्चाविषयी त्यांनी दिलेली साक्ष उत्तम वठली. त्याच सुमारास पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तासाठी गोऱ्या सैनिकांकडून घरांची झडती चालू होती. पुण्यातील मित्रांच्या पत्रांवर विसंबून गोखल्यांनी, सैनिकांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याचा आरोप इंग्लंडमध्ये जाहीरपणे केला. सरकारने तो नाकारला आणि पुरावा मागितला. परत आल्यावर पत्रलेखकांपैकी कोणी पुढे येण्यास तयार नव्हते. तोवर रँड यांचा खून झालेला होता, टिळकांना अटक झाली होती. गोखल्यांनी माहिती देणाऱ्यांची नावे उघड केली नाहीत. दोष स्वतःवर घेऊन ऑगस्ट १८९७मध्ये बिनशर्त माफी मागितली. पुण्यात त्यांची छीथू झाली आणि भित्रेपणाचा शिक्का पुढे बराच काळ त्यांच्या नावावर राहिला. झडत्यांतील जुलूम खोटा होता असे या प्रकरणातून सिद्ध होत नाही. साक्षीदारावाचून केलेला आरोप सत्तेला आयती सुटका देतो, एवढे मात्र त्यातून सिद्ध झाले. गोखल्यांच्या नंतरच्या भाषणांत शक्य तेथे सरकारचाच कागद सरकारपुढे ठेवण्याची जी रीत दिसते, तिचे मूळ या मानहानीत शोधणे गैर ठरणार नाही.

१८९९ साली ते मुंबईच्या कायदेमंडळावर निवडून आले. १९०१ साली सारा थकल्यामुळे जप्त झालेल्या जमिनी शेतकऱ्याला हस्तांतराच्या हक्काशिवाय परत देण्याची तरतूद करणारे विधेयक सरकारने आणले. विरोध निष्फळ ठरताच फिरोजशहा मेहता सभागृहाबाहेर पडले. त्यांच्यामागोमाग जाणाऱ्यांत गोखलेही होते. नेमस्त म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या गृहस्थाच्या कारकिर्दीच्या आरंभीच सभात्याग आहे, हे विसरता कामा नये. त्याच वर्षी मेहतांनी मोकळ्या केलेल्या जागेवर ते वरिष्ठ कायदेमंडळात गेले आणि अखेरपर्यंत तेथेच राहिले.

या सभागृहाचे स्वरूप समजल्याशिवाय गोखल्यांचे काम समजणार नाही. तेथे लोकांना जबाबदार असे मंत्री नव्हते. व्हाइसरॉय स्वतः अध्यक्षस्थानी असत आणि त्यांच्या कार्यकारी मंडळाचे सभासद अर्थ, गृह आदी खात्यांच्या वतीने उत्तरे देत. १८९२च्या कायद्याने सभासदांना प्रश्न विचारण्याची आणि अंदाजपत्रकावर बोलण्याची मुभा दिली होती. पण प्रश्नाची आगाऊ सूचना द्यावी लागे, उत्तरावर उपप्रश्न विचारता येत नसे आणि अंदाजपत्रकावर मत देता येत नसे. १९०९च्या सुधारणांनी उपप्रश्नाचा हक्क मूळ प्रश्नकर्त्यापुरता दिला आणि ठराव मांडण्याची सोय केली. तरी ठराव सरकारवर बंधनकारक नव्हते आणि वरिष्ठ सभागृहात सरकारी सभासदांचे बहुमत कायम होते.

अशा सभागृहात २६ मार्च १९०२ रोजी गोखल्यांनी अंदाजपत्रकावरील आपले पहिले भाषण केले. देशाने नुकताच भीषण दुष्काळ सोसलेला होता आणि सरकार मात्र मोठी शिल्लक दाखवून समृद्धीचा दाखला देत होते. गोखल्यांनी या शिल्लकेची फोड केली. रुपयाचा भाव घसरत असताना विलायतेतील देणी भागविण्यासाठी कर वाढविण्यात आले. १८८८ साली मिठावरील कर मणामागे अडीच रुपये झाला. पुढे रुपयाचा भाव १ शिलिंग ४ पेन्सांवर स्थिर करण्यात आला, तरी वाढविलेले कर तसेच राहिले. शिल्लक ही त्या जादा करांची होती, रयतेच्या भरभराटीची नव्हती. हा युक्तिवाद सरकारी आकड्यांवरच उभा असल्यामुळे तो झटकून टाकता येईना. १९०३ साली मिठाचा कर दोन रुपयांवर, १९०५ साली दीड रुपयावर आणि १९०७ साली एक रुपयावर आला. या कपातीचे सारे श्रेय एका सभासदाला देणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु दरवर्षी तोच प्रश्न नव्या आकड्यांनिशी उभा करणारा माणूस सभागृहात होता, हे खरे.

सरकारी नोकऱ्यांचा प्रश्नही त्यांनी असाच हाताळला. लॉर्ड कर्झन यांच्या सरकारने १९०४ साली ठराव प्रसिद्ध करून, हिंदी लोकांना नोकऱ्यांत उदारपणे वाटा दिला जात आहे असा दावा केला. १९०५च्या अंदाजपत्रकीय भाषणात गोखल्यांनी त्याच तक्त्यांची छाननी केली. एकूण बेरीज बाजूला ठेवून वरच्या पगाराच्या जागांचा हिशेब मांडला, की दाव्याचा रंग उतरतो, हे त्यांनी दाखविले. प्रश्न अर्थात केवळ पगाराचा नव्हता. आपल्या देशाच्या कारभारात जबाबदारीची जागा न मिळाल्याने एका समाजाची कर्तृत्वशक्ती खुंटते, हे त्यांचे मुख्य म्हणणे होते. १९१२ साली लॉर्ड इस्लिंग्टन यांच्या अध्यक्षतेखाली सरकारी नोकऱ्यांविषयी राजकीय आयोग नेमला गेला, तेव्हा गोखले त्याचे सभासद झाले. त्यांचा अहवाल १९१७ साली प्रसिद्ध झाला. तो पाहण्यास ते हयात नव्हते.

न्यायाच्या धोरणाबाबत त्यांची कसोटी अधिक अवघड होती. न्यायदान आणि कारभार ही कामे एकाच अधिकाऱ्याच्या हाती असू नयेत, ही मागणी १९०५च्या काशी काँग्रेसच्या अध्यक्षपदावरून त्यांनी मांडली. १९०७च्या मे महिन्यात लाला लजपतराय यांना चौकशीविना मंडालेस पाठविण्यात आले. त्याच वर्षी नोव्हेंबरात राजद्रोही सभांविषयीचे विधेयक सिमल्यास आले. वीसपेक्षा अधिक माणसांची सभा सार्वजनिक समजावी, अशी त्यातील व्याख्या होती. खासगी घरातील मेळावाही तिच्या कक्षेत येई. गोखल्यांनी विधेयकाला कडाडून विरोध केला आणि लजपतरायांवरील अन्यायाचा विषयही तेथेच काढला. ते विधेयक मंजूर झालेच. १९१०च्या छापखाना कायद्याच्या वेळी मात्र त्यांनी तसा निकराचा विरोध केला नाही. वाढत्या हिंसक चळवळीची त्यांना वाटणारी धास्ती लक्षात घेतली तरी, मराठी वृत्तपत्रांच्या अभ्यासकाला ही गोष्ट खटकल्याशिवाय राहत नाही. चरित्रकाराने ती झाकू नये.

त्यांच्या आयुष्यातील शेवटची दोन मोठी प्रकरणे पराभवाची आहेत. नाताळमध्ये करारबंद मजूर पाठविणे थांबवावे, हा त्यांचा ठराव २५ फेब्रुवारी १९१० रोजी मान्य झाला होता. पण ही पद्धतच बंद करण्याचा ठराव ४ मार्च १९१२ रोजी २२ विरुद्ध ३३ मतांनी पडला. पंधरवड्यानंतर सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक पडले. मार्च १९११मध्ये मांडलेले हे विधेयक अत्यंत बेताचे होते. ६ ते १० वर्षांच्या मुलांपुरते, तेही स्थानिक संस्थांनी इच्छा दर्शविली तर, आणि जेथे मुलांचे ठरावीक प्रमाण आधीच शाळेत आहे तेथेच ते लागू व्हावयाचे होते. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १८९३पासून अमरेलीत हा प्रयोग करून १९०६ साली तो सर्व राज्यभर नेला होता. जे एका संस्थानाला जमले ते साम्राज्याला का जमू नये, हा गोखल्यांचा प्रश्न होता. १९ मार्च १९१२ रोजी १३ विरुद्ध ३८ मतांनी तो निकालात निघाला. आपण हरणार हे त्यांना आधीच ठाऊक होते आणि त्यांनी ते सभागृहात लपविले नाही.

१९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यात वयाच्या अवघ्या ४८व्या वर्षी त्यांचे निधन झाले. करारबंद मजुरांची भरती १९१७ साली थांबली. विठ्ठलभाई पटेलांचा प्राथमिक शिक्षणाचा कायदा मुंबई इलाख्यात १९१८ साली झाला. संविधानात शिक्षण हा मूलभूत हक्क होण्यास २००२ साल उजाडावे लागले. पडलेला प्रश्न संपत नाही, तो पुढच्या सभागृहाच्या कामकाजात शिल्लक राहतो, हे या क्रमावरून दिसते.

येथे मराठीच्या अभ्यासकापुढील प्रश्न उरतो. रानड्यांच्या शिकवणीप्रमाणे या प्रश्नांचा खरा श्रोता सभागृहाबाहेरचा होता. पण ज्याच्या मिठावरील करासाठी गोखले बोलत होते, त्या कोकणातील कुळाला त्यांची भाषा कळत नव्हती. आगरकरांच्या ‘सुधारका’तही गोखल्यांकडे इंग्रजी बाजूच होती. ही भाषणे मराठीत पोहोचली ती वृत्तपत्रांच्या सारांशांतून, पुढे भारत सेवक समाजाच्या हाती आलेल्या ‘ज्ञानप्रकाशा’तून आणि चरित्रग्रंथांतून. न. र. फाटक यांच्या ‘आदर्श भारत सेवक’ या चरित्राला १९७० साली साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले, ही त्या पोहोचण्याची उशिराची पावती म्हणावी लागेल. दरम्यान ‘केसरी’ने मराठी राजकीय गद्याला जो आवेश दिला, तोच त्या गद्याचा आदर्श ठरला. तपासलेला आकडा, मोजलेला शब्द आणि प्रतिपक्षाच्याच कागदावरून केलेली उलटतपासणी, हा दुसरा नमुना मराठीत रुजावयास हवा होता. तो इंग्रजीत राहिला. आज महाराष्ट्राच्या विधिमंडळात तारांकित प्रश्न मराठीत विचारले जातात. त्या प्रश्नांच्या गद्याची पूर्वपीठिका लिहावयाची झाल्यास तिचा आरंभ, मराठीत एकही प्रश्न न विचारलेल्या या नामदारापासून करावा लागेल.