तळेगावचा बंगला आणि नागरिकत्वाचा दाखला

तळेगाव दाभाडे येथे बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा बंगला आहे. आज तो त्यांचे स्मारक म्हणून जपला जातो. तेथे गेलो की आमच्या मनात पहिला विचार येतो तो हा, की ज्या मुलाला या देशात कोणी बैलगाडीत घेईना, त्याने पुढे याच मावळच्या मातीत स्वतःचे घर केले. दुसरा विचार बंगल्याबाहेर पडल्यावर येतो. तळेगाव-चाकण-पिंपरी पट्ट्यात मराठवाडा, विदर्भापासून बिहार, ओडिशापर्यंतचे कामगार राबतात. ठेकेदार असो की खोलीमालक, पहिला सवाल एकच, कुठला तू, कागद दाखव. हा सवाल आता खोलीपुरता राहिलेला नाही. तो देशाच्या नागरिकत्वापर्यंत जाऊन पोहोचला आहे. म्हणून बाबासाहेबांचे जीवन नागरिकत्वाच्या अंगाने पुन्हा समजून घेतले पाहिजे.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे बाबासाहेब जन्मले, तेव्हा या देशात नागरिक कोणीच नव्हते. सारे प्रजा होते. कोणी ब्रिटिश राणीची, कोणी संस्थानिकाची. अस्पृश्य मात्र प्रजेचीही प्रजा होता. १९०१ साली साताऱ्याहून गोरेगावला वडिलांकडे निघालेला भीम भावंडांसह मसूर स्टेशनवर उतरला. जात कळताच एकही गाडीवान त्यांना नेण्यास तयार होईना. अखेर दुप्पट भाडे देऊन मुलांनी स्वतः गाडी हाकली. वाटेत पाणीही मिळाले नाही. १९१७ साली कोलंबिया आणि लंडनमध्ये शिकून ते बडोद्याच्या नोकरीत गेले, तर पारशी धर्मशाळेतून त्यांना हाकलण्यात आले. पुढे या आठवणी त्यांनी लिहिल्या आणि त्या लिखाणाला नाव दिले व्हिसाच्या प्रतीक्षेचे. व्हिसा कोणाला लागतो? परक्याला. स्वतःच्याच देशात परका ठरलेल्या माणसाचे दुःख त्या एका शब्दात आहे.

१९१९ साली साउथबरो कमिटीपुढे साक्ष देताना, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, त्यांनी नागरिकत्वाचा अर्थ सांगितला. प्रतिनिधित्वाचा हक्क आणि राज्याच्या कारभारात पद मिळवण्याचा हक्क हे नागरिकत्वाचे सर्वांत मोठे घटक आहेत, असे त्यांनी मांडले. ज्याला मत नाही आणि पद नाही, तो नुसता रहिवासी आहे, एवढाच त्याचा अर्थ.

महाडने त्यांना आणखी एक धडा दिला. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ साली झाला होता. महाड नगरपालिकेनेही तळे खुले केल्याचे जाहीर केले होते. कागद तयार होता, पाणी मात्र मिळत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो बांधवांसह चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. कोर्टात निकाल लागायला १९३७ साल उजाडले. कागदावरचा हक्क आणि हातातला हक्क यांत दहा वर्षांचे अंतर होते. १९३१ साली गांधीजींच्या भेटीत आपल्याला मायभूमी नाही असे बाबासाहेबांनी सुनावले, ते या अनुभवातूनच. त्याच काळात गोलमेज परिषदेत त्यांनी अस्पृश्यांसाठी मागितलेल्या संरक्षणांत पहिली मागणी समान नागरिकत्वाची होती.

फाळणीची रेषा तर त्यांच्या अंगावरूनच गेली. १९४६ साली ते बंगालमधून संविधान सभेवर निवडून आले होते. फाळणीने ती जागा गेली आणि जुलै १९४७ मध्ये मुंबईतून त्यांना पुन्हा निवडून यावे लागले. पाकिस्तानात अडकलेल्या दलितांनी भारतात निघून यावे, असे आवाहन त्यांनी नोव्हेंबर १९४७ मध्ये केले. सफाईसारखी कामे अडतील म्हणून तिथले सरकार दलितांना सोडत नाही, ही तक्रार त्यांनी नेहरूंकडे नेली. आज काही मंडळी याच गोष्टीचा दाखला देतात आणि बाबासाहेबांना धर्मावर आधारलेले नागरिकत्व हवे होते असे सुचवतात. आम्ही त्यांना विचारतो, मग त्याच बाबासाहेबांनी संविधानात काय लिहिले ते का सांगत नाही?

१० ऑगस्ट १९४९ रोजी त्यांनी नागरिकत्वाचे कलम सभेपुढे मांडले. मसुदा समितीला सर्वांत डोकेदुखी झाली ती याच कलमाची, असे त्यांनी मोकळेपणाने सांगितले. कलम ५ मध्ये भारतात अधिवास असलेल्या माणसाचा जन्म, आईवडिलांपैकी एकाचा जन्म किंवा पाच वर्षांचे वास्तव्य हा आधार आहे. कलम ६ पाकिस्तानातून आलेल्यांसाठी आणि कलम ७ तिकडे जाऊन परवान्याने परतलेल्यांसाठी आहे. धर्माचे नाव कुठेही नाही. हिंदू व शीख धर्मीयांना धर्माच्या आधारे नागरिकत्व मिळावे, अशी दुरुस्ती विदर्भाचे डॉ. पंजाबराव देशमुख यांनी सुचवली. पंजाबरावांचे बहुजनांवरील उपकार आम्ही मानतो. परंतु ती दुरुस्ती सभेने नाकारली, हेच योग्य झाले. नागरिकत्वाची ही कलमे २६ नोव्हेंबर १९४९ पासूनच अमलात आली. राज्याराज्यांचे वेगळे नागरिकत्वही बाबासाहेबांनी ठेवले नाही. चाकणच्या कारखान्यातला बिहारी आणि बीडचा कामगार एकाच दर्जाचे नागरिक आहेत, ते त्यामुळे.

२५ डिसेंबर १९५४ रोजी तळेगावपासून जवळच असलेल्या देहूरोड येथे त्यांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखोंनी धम्म स्वीकारला. त्या दिवशी लाखोंचा धर्म बदलला, नागरिकत्व तसूभरही हलले नाही. कारण त्याचा पाया धर्मावर घातलेलाच नव्हता. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेब गेले. हा पाया ते आपल्या हवाली करून गेले.

पुढे काय झाले? १९५५ च्या कायद्याने जन्म, वंश, नोंदणी, दीर्घ वास्तव्य आणि प्रदेशाचे विलीनीकरण असे पाच मार्ग दिले. नंतर जन्माचा मार्ग अरुंद होत गेला. १ जुलै १९८७ पासून आईवडिलांपैकी एक नागरिक असणे आवश्यक झाले. ३ डिसेंबर २००४ पासून एक नागरिक असला तरी दुसरा बेकायदा स्थलांतरित नसावा, अशी अट आली. २०१९ च्या दुरुस्तीने तीन शेजारी देशांतून आलेल्यांसाठी धर्मांची यादीच कायद्यात घातली. त्या यादीत बौद्धांचे नाव आहे, म्हणून आपण गप्प बसावे काय? आज यादीत नाव घालणारा हात उद्या ते खोडूही शकतो. पीडिताला आसरा जरूर द्यावा, पण तो पीडित आहे म्हणून.

आसामच्या नागरिक नोंदवहीतून ३१ ऑगस्ट २०१९ रोजी सुमारे १९ लाख माणसे बाहेर राहिली. कागद कोणाकडे नसतो? ज्याच्या बापाला सातबारा नव्हता, शाळा नव्हती, त्याच्याकडे. जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा शोधताना आपल्या मुलांची होणारी वणवण आम्ही पाहतो. गुन्हेगार जमातींच्या कायद्यातून १९५२ साली सुटलेल्या भटक्या-विमुक्तांनी कोणत्या गावचा कागद आणावा?

म्हणून आमचे सांगणे दुहेरी आहे. वस्तीतल्या प्रत्येक मुलाच्या जन्माची नोंद करा, आजोबांचा शाळेचा दाखला जपा, मतदार यादीतले नाव तपासा. तळेगाव असो की चाकण, शेजारच्या परप्रांतीय मजुरालाही यात मदत करा. आणि त्याच वेळी हेही ठासून सांगा, की नागरिकत्व ही कोणा साहेबाच्या टेबलावरची मेहेरबानी नव्हे. तो आमचा जन्मसिद्ध हक्क आहे. बाबासाहेबांनी एका जन्मात आपला व्हिसा संपवला. तो पुन्हा काढण्याची पाळी आपल्या लेकरांवर येऊ देऊ नका.

जयभीम!