ताऱ्याची उघडझाप टिपणारा जॉन

जॉन गुडरिकचा जन्म १७६४चा. बालपणीच्या गंभीर आजारात त्याची श्रवणशक्ती गेली. घरच्यांनी त्याला एडिंबरा येथे थॉमस ब्रेडवुड यांच्या कर्णबधिरांच्या शाळेत घातले. तिथे तो लिहा-वाचायला शिकला.

नोव्हेंबर १७८२मध्ये इंग्लंडमधील यॉर्क येथे ययाती तारकासमूहातील अल्गोल हा तारा त्याला मंदावलेला दिसला. अनेक रात्री नोंदी ठेवल्यावर कळले, की हे दर ६९ तासांनी घडते. एखादा काळोखा गोल आड येत असावा, असा तर्क त्याने मांडला. १७८३मध्ये रॉयल सोसायटीने त्याला कॉप्ली पदक दिले. १७८६मध्ये, अवघ्या एकविसाव्या वर्षी तो गेला.

आड येणारा तो गोल म्हणजे अल्गोलचाच जोडीदार तारा. अशा जवळच्या जोडीत एक तारा फुगला, की त्याचे द्रव्य दुसऱ्याकडे वाहते. अल्गोलमध्ये हेच घडले. काही जोड्यांत हा ओघ अनावर होतो आणि दोन्ही तारे एकाच वायुआवरणात सापडतात. घर्षणामुळे ते जवळ येतात, कधी एकमेकांत विलीन होतात.

या संशोधनाची सुरुवात एका कर्णबधिर मुलाच्या शिक्षणात आहे. बाळ आवाजाला दचकत नसेल, तर श्रवणतपासणी लांबवू नका. दोष आढळला, तरी शिक्षण थांबवू नका.