विल्यम लॅम्बटन

लेफ्टनंट कर्नल विल्यम लॅम्बटन (जन्म: इ.स. १७५३ च्या सुमारास, मृत्यू: जानेवारी १८२३, हिंगणघाट) हे ब्रिटिश लष्करी अधिकारी, गणिती आणि भूमापनतज्ज्ञ होते. भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचे ते जनक मानले जातात. कन्याकुमारीच्या परिसरापासून हिमालयाच्या पायथ्यापर्यंत मोजल्या गेलेल्या महाकमानीचा आरंभ त्यांनी केला. ही कमान ७८ अंश पूर्व रेखावृत्ताच्या आसपास उत्तरेकडे गेली आहे. त्याच रेखावृत्तामुळे आजच्या यवतमाळ जिल्ह्याचे दोन भाग पडतात. आधुनिक काळात रस्ते, लोहमार्ग व कालवे यांची संगणकावरील आरेखने भौगोलिक नकाशांशी जुळवली जातात. या जुळवणीमागील मूलभूत विचार लॅम्बटन यांच्या कार्यात आढळतो.

प्रारंभिक जीवन

लॅम्बटन यांचा जन्म इंग्लंडच्या यॉर्कशायर परगण्यात नॉर्थॲलर्टन गावाजवळ एका सामान्य शेतकरी कुटुंबात झाला. त्यांच्या जन्मवर्षाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. शालेय वयातच त्यांची गणितातील गती दिसून आली. पुढे ते ब्रिटिश पायदळात दाखल झाले आणि ३३ व्या पलटणीबरोबर अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात लढण्यास गेले. १७८१ मध्ये यॉर्कटाऊन येथे ब्रिटिश सैन्याने शरणागती पत्करली, तेव्हा ते युद्धकैदी झाले.

सुटकेनंतर सुमारे १३ वर्षे ते कॅनडातील न्यू ब्रन्सविक प्रांतात राहिले. तेथे जमिनीच्या मोजणीची कामे आणि सैनिकी बराकींची व्यवस्था त्यांच्याकडे होती. रिकाम्या वेळात त्यांनी उच्च गणित व भूगणिताचा अभ्यास स्वतःच्या बळावर केला. सूर्यग्रहणाचे निरीक्षण करताना त्यांच्या एका डोळ्याच्या दृष्टीस इजा झाली. ज्यांचे पुढील सर्व आयुष्य दुर्बिणीतून नेम साधण्यात गेले, त्यांनी ते काम एकाच चांगल्या डोळ्याच्या भरवशावर केले.

भारतात आगमन

१७९७ च्या सुमारास लॅम्बटन भारतात आले. त्यांच्या पलटणीचे प्रमुख आर्थर वेलस्ली हे पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून प्रसिद्धीस आले. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात लॅम्बटन यांनी भिंतींचे बलशास्त्र व यंत्रांची कार्यशक्ती या विषयांवर निबंध प्रसिद्ध केले.

१७९९ च्या चौथ्या इंग्रज-म्हैसूर युद्धात ते सहभागी होते. एका रात्रीच्या कूचीत सैन्य चुकीच्या दिशेने, म्हणजे शत्रूच्या छावणीकडे चालले आहे, हे त्यांनी ताऱ्यांवरून ओळखले व वरिष्ठांच्या लक्षात आणून दिले. टिपू सुलतानाच्या पाडावानंतर मोठा प्रदेश कंपनीच्या अमलाखाली आला आणि त्याचे नकाशे करण्याची निकड निर्माण झाली. या वेळी लॅम्बटन यांनी मद्रासपासून पश्चिम किनाऱ्यापर्यंत त्रिकोणांची अखंड साखळी मोजण्याची योजना मांडली. वेलस्ली यांच्या पाठिंब्याने मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड क्लाइव्ह (दुसरे) यांनी ती मंजूर केली.

योजनेला विरोधही झाला. पालखीचे भोई कोणालाही श्रीरंगपट्टणला नेऊन पोहोचवतात, मग एवढा खर्च कशासाठी, असा आक्षेप मद्रासच्या वित्त समितीतील एका सदस्याने घेतला होता. प्रत्येक मुलखाचा वेगळा नकाशा करता येतो; परंतु सर्व नकाशे एकमेकांशी जुळायचे असतील, तर आधी काही बिंदू निःसंशय निश्चित झाले पाहिजेत, अशी लॅम्बटन यांची भूमिका होती. कॉलिन मॅकेंझी यांच्यासारखे अधिकारी त्याच सुमारास म्हैसूरचे तपशीलवार सर्वेक्षण करीत होते. लॅम्बटन यांचे बिंदू अशा तपशिलाला आधार देणारा सांगाडा ठरणार होते.

मोजणीची पद्धत

त्रिकोणाची एक बाजू व सर्व कोन माहीत असल्यास उरलेल्या दोन बाजू गणिताने काढता येतात. त्यांपैकी एक बाजू पुढच्या त्रिकोणाचा पाया होते. अशा रीतीने एकच बाजू प्रत्यक्ष मोजून शेकडो मैलांचा प्रदेश कोनांच्या आधारे मापता येतो. मात्र त्या पहिल्या बाजूतील चूक पुढील प्रत्येक त्रिकोणात उतरत जाते.

यासाठी १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळील सेंट थॉमस माउंट येथे सुमारे साडेसात मैलांच्या पायारेषेची मोजणी सुरू झाली. अडीच फुटांच्या ४० पोलादी कांबी जोडून केलेली १०० फुटांची साखळी तिच्यासाठी वापरण्यात आली. चीनच्या सम्राटासाठी भेट म्हणून पाठवलेली ही साखळी तेथे नाकारली गेल्याने भारतात आली होती. ती लाकडी पेट्यांत, तिवयांवर, समतल ठेवली जाई. उन्हाने पोलाद प्रसरण पावते. म्हणून साखळीवर तंबूची सावली धरून तापमापके ठेवली जात आणि मापात तापमानानुसार दुरुस्ती केली जाई. सुमारे ४०० वेळा साखळी मांडून ही एक रेषा पूर्ण झाली.

कोन मोजण्यासाठी इंग्लंडमधून विल्यम कॅरी यांनी तयार केलेला, सुमारे अर्धा टन वजनाचा थिओडोलाइट मागवण्यात आला. त्याचे आडवे चक्र ३ फूट व्यासाचे होते. वाटेत फ्रेंच युद्धनौकेने जहाज पकडल्यामुळे हे यंत्र मॉरिशसला गेले. परंतु ते शास्त्रीय उपकरण आहे हे समजल्यावर फ्रेंचांनी ते सन्मानपूर्वक मद्रासला पाठवून दिले.

पृथ्वी सपाट नसल्याने मोठ्या त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज १८० अंशांहून किंचित अधिक भरते. लॅम्बटन यांनी हा फरक गणनेत धरला. काही अंतरावर नवी पायारेषा मोजून गणिताने आलेली लांबी ते प्रत्यक्ष मापाशी ताडून पाहत. बंगळूर येथे कित्येक मैलांच्या रेषेत हा फरक अवघ्या काही इंचांचा निघाला.

किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंत

मद्रास ते मंगळूर साखळी पूर्ण झाल्यावर द्वीपकल्पाची त्या ठिकाणची रुंदी सुमारे ३६० मैल असल्याचे सिद्ध झाले. त्याआधीच्या नकाशांत ती सुमारे ४०० मैल दाखवलेली होती. अशा प्रकारे ४० मैलांचा, प्रत्यक्षात अस्तित्वातच नसलेला मुलूख नकाशावरून नाहीसा झाला आणि सर्वेक्षणाच्या उपयुक्ततेविषयीची शंका मावळू लागली.

यानंतर त्यांनी दक्षिणोत्तर कमानीवर लक्ष केंद्रित केले. पृथ्वीचा नेमका आकार ठरवणे हे तिचे शास्त्रीय उद्दिष्ट होते. ठरावीक अंतरावर ताऱ्यांच्या वेधांनी अक्षांश काढून एका अंशाची लांबी जागोजागी किती भरते, हे पाहिले जाई.

तंजावरचा अपघात

कावेरीच्या सपाट प्रदेशात टेकड्या नसल्याने मंदिरांच्या शिखरांवरून व गोपुरांवरून निरीक्षणे घ्यावी लागली. १८०८ मध्ये तंजावरच्या मोठ्या मंदिरावर थिओडोलाइट चढवताना दोर तुटला आणि यंत्र भिंतीवर आदळले. त्याचे चक्र वाकले. दुसरे यंत्र मागवायचे तर मोठा काळ वाया गेला असता. लॅम्बटन यांनी निवडक कारागिरांना घेऊन तंबूत सुमारे सहा आठवडे काम केले व वाकलेले चक्र पाचरी आणि स्क्रूंच्या साहाय्याने थोडे थोडे ताणून पूर्वस्थितीत आणले. दुरुस्त झालेले हे यंत्र त्यानंतरही अनेक वर्षे सर्वेक्षणात वापरले गेले.

वऱ्हाडाकडे वाटचाल

दक्षिण टोकाचे काम १८०९ पर्यंत झाल्यावर साखळी उत्तरेकडे वळली. १८११ मध्ये गुत्ती येथे व १८१५ मध्ये बिदरजवळ दमरगिड्डा येथे नव्या पायारेषा मोजण्यात आल्या. १ जानेवारी १८१८ पासून हे काम मद्रास सरकारकडून गव्हर्नर जनरलच्या अखत्यारीत गेले आणि त्याला महान त्रिकोणमितीय सर्वेक्षण हे नाव मिळाले. त्याच वर्षी जॉर्ज एव्हरेस्ट व भूशास्त्रज्ञ डॉ. हेन्री व्हॉयसी यांची त्यांच्या हाताखाली नेमणूक झाली.

पुढे ही साखळी निजामाच्या ताब्यातील वऱ्हाडात शिरली व एलिचपूरच्या, म्हणजे आजच्या अचलपूरच्या, परिसरापर्यंत पोहोचली. बिदरहून एलिचपूरकडे जाताना ती पैनगंगेचे खोरे ओलांडते. आजच्या यवतमाळ जिल्ह्याचा पश्चिम भाग व त्यालगतचा मुलूख याच पट्ट्यात येतो. दाट जंगल, हिवताप आणि दुर्गम टेकड्या यांमुळे या टप्प्यातील काम जिकिरीचे होते. तंबू वाहणारे, झाडे तोडून दृष्टिरेषा मोकळी करणारे, टेकड्यांवर निशाणे धरून उभे राहणारे असंख्य भारतीय मजूर व खलाशी या कामात झिजले. त्यांची नावे इतिहासात फारशी उरलेली नाहीत.

मृत्यू

१८२२ च्या अखेरीस सर्वेक्षणाचे मुख्य ठाणे हैदराबादहून नागपूरला हलवण्याचे ठरले. लॅम्बटन यांना त्या वेळी जुनाट खोकला जडला होता. प्रकृती खालावलेली असतानाही ते छावणीसह निघाले. जानेवारी १८२३ मध्ये वर्धा नदीच्या पलीकडे, वेणा नदीकाठच्या हिंगणघाट येथे वाटेतच त्यांचे निधन झाले. १७५३ हे जन्मवर्ष धरल्यास ते सत्तरीच्या घरात होते. हिंगणघाट येथेच त्यांचे दफन करण्यात आले. सध्याचा हैदराबाद-नागपूर राष्ट्रीय महामार्ग यवतमाळ जिल्ह्यातील पांढरकवडा येथून पुढे हिंगणघाटलाच येतो.

सुमारे १ लाख ६५ हजार चौरस मैलांचा प्रदेश त्यांच्या कारकिर्दीत त्रिकोणांनी मापला गेला होता. लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्यत्व व फ्रेंच विज्ञान अकादमीचे मानद संबंध त्यांना लाभले. तथापि त्यांचे नाव सर्वसामान्यांना फारसे परिचित नाही. उत्तराधिकारी एव्हरेस्ट यांनी १८४१ मध्ये सुमारे २,४०० किलोमीटरची महाकमान डेहराडूनपर्यंत पूर्ण केली आणि पुढे जगातील सर्वोच्च शिखराला त्यांचे नाव मिळाले.

आधुनिक नियोजनातील महत्त्व

लॅम्बटन व एव्हरेस्ट यांच्या मापनांच्या आधारे १८३० मध्ये पृथ्वीच्या आकाराची जी गणिती प्रतिकृती ठरली, ती एव्हरेस्ट लंबगोल म्हणून ओळखली जाते. भारतातील स्थलदर्शक नकाशे दीर्घकाळ तिच्यावर आधारलेले होते. उपग्रहांवर आधारित स्थाननिश्चिती मात्र डब्ल्यूजीएस-८४ ही जागतिक प्रतिकृती वापरते. दोहोंच्या विषुववृत्तीय त्रिज्यांत सुमारे ८६१ मीटरचा फरक आहे आणि त्यांचे मध्यबिंदूही एक नाहीत. त्यामुळे जुन्या नकाशावरील अक्षांश-रेखांश रूपांतर न करता नव्या नकाशावर मांडल्यास विदर्भात तो बिंदू शंभराहून अधिक मीटर सरकतो. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानुसार सर्वसामान्य वापराच्या नकाशांसाठी डब्ल्यूजीएस-८४ व यूटीएम प्रक्षेपण स्वीकारण्यात आले.

यूटीएम पद्धतीत पृथ्वीचे ६ अंश रुंदीचे पट्टे पाडलेले असतात. ४३ वा व ४४ वा पट्टा यांची सीमा नेमकी ७८ अंश पूर्व रेखावृत्तावर आहे. परिणामी यवतमाळ शहर ४४ व्या पट्ट्यात, तर दारव्हा, दिग्रस, पुसद व उमरखेड ४३ व्या पट्ट्यात येतात. सीमेवरील एकाच बिंदूचा पूर्वनिर्देशांक एका पट्ट्यात ८ लाख मीटरांहून अधिक, तर दुसऱ्यात २ लाख मीटरांहून कमी भरतो. नागपूर-तुळजापूर महामार्ग आणि वर्धा-यवतमाळ-नांदेड लोहमार्ग या दोन्ही रेषा ही सीमा ओलांडतात.

अभियंता रस्त्याचे आरेखन संगणकावर, म्हणजे कॅड प्रणालीत, सपाट पृष्ठभागावर प्रत्यक्ष मीटरांत करतो. शेतांच्या सीमा, नदी-नाले, जंगल व गावठाण यांची माहिती भौगोलिक माहिती प्रणालीत पृथ्वीच्या वक्र पृष्ठभागाशी बांधलेली असते. या दोहोंचा मेळ घालताना प्रतिकृती कोणती, पट्टा कोणता आणि प्रमाण किती, हे आधी ठरवावे लागते. पट्ट्याच्या कडेला यूटीएममधील अंतर प्रत्यक्ष जमिनीवरील अंतरापेक्षा दर किलोमीटरला सुमारे पाऊण मीटरने जास्त येते. ४० किलोमीटरच्या मार्गावर ही तफावत सुमारे ३० मीटर होते.

असा फरक कागदावर किरकोळ वाटतो. पण रस्त्याची रेषा ३० मीटर सरकली की संपादनात जाणारा गट क्रमांक बदलू शकतो. कोणाची विहीर जाईल, कोणाला मोबदला मिळेल आणि कोणाचे शेत दुभंगेल, हे त्यावर ठरते. भूमी अभिलेख विभागाचे जुने गावनकाशे शंकूसाखळी व फलकयंत्राच्या साहाय्याने गावापुरते तयार झालेले होते. ते संगणकीय नकाशात बसवताना जमिनीवर आजही ओळखता येणारे बिंदू, उदाहरणार्थ गावशिवेवरचे दगड, शोधून त्यांचे उपग्रहाधारित स्थान घ्यावे लागते. असे पुरेसे व नीट विखुरलेले बिंदू मिळाल्यावरच उरलेला तपशील विश्वासाने जोडता येतो. आधी सांगाडा निश्चित करावा व मग तपशील भरावा, हे लॅम्बटन यांनी १८०२ मध्ये अंगीकारलेले तत्त्व या कामातही तसेच लागू पडते.

हे सुद्धा पहा

जॉर्ज एव्हरेस्ट
राधानाथ सिकदर
भारतीय सर्वेक्षण विभाग
यवतमाळ जिल्हा
हिंगणघाट