नऊ दिवसांची तयारी

गेल्या वर्षी आमच्या एकांकिकेच्या संघातून मी एका मुलाला वगळले. नेपथ्याचे काम त्याच्याइतके चांगले कुणालाच येत नव्हते. पण तो दर तालमीला कुरकुर करी, वाद घाली. तो गेल्यावर तालमी शांततेत झाल्या खऱ्या, पण प्रयोगाच्या दिवशी रंगमंचावरची भिंत शेवटपर्यंत डुगडुगत राहिली. तोवर निम्मा संघही त्याच्या बाजूला गेला होता. त्या पराभवानंतरच्या सुट्टीत ग्रंथालयातून आणलेल्या एका पुस्तकात मला अर्नेस्ट शॅकलटन भेटला. शॅकलटन म्हटले की लोकांना त्याचा समुद्रप्रवास आठवतो. मला मात्र त्या प्रवासाआधीचे नऊ दिवस अधिक मोलाचे वाटतात. त्यांच्याविषयी मी इथे लिहिणार आहे.

शॅकलटनचा जन्म आयर्लंडमधील किल्के या गावी १५ फेब्रुवारी १८७४ रोजी झाला. पुढे कुटुंब लंडनला आले. वडील डॉक्टर होते आणि मुलानेही डॉक्टर व्हावे अशी त्यांची इच्छा होती. पण मुलाचे मन पुस्तकांतल्या समुद्रावर! सोळाव्या वर्षी तो शिडाच्या व्यापारी जहाजावर रुजू झाला. १९०१ साली कॅप्टन स्कॉटच्या मोहिमेबरोबर तो दक्षिण ध्रुवाकडे निघाला, पण आजारी पडल्यामुळे त्याला १९०३ मध्ये परत पाठवण्यात आले. हे शल्य त्याला कायम बोचत राहिले. पुढे स्वतःची मोहीम काढून ९ जानेवारी १९०९ रोजी तो ध्रुवापासून अवघ्या १८० किलोमीटरवर पोहोचला. अन्न संपत आले होते. पुढे गेलो तर ध्रुव मिळेल, पण माणसे परतणार नाहीत, असा हिशेब त्याने मांडला आणि तो मागे फिरला. या माणसाचे सारे चरित्र मला या एका माघारीत दिसते.

१९१४ साली अंटार्क्टिका खंड पायी ओलांडण्यासाठी तो 'एन्ड्युरन्स' जहाज घेऊन निघाला. जानेवारी १९१५ मध्ये जहाज वेडेल समुद्राच्या बर्फात अडकले, बर्फाच्या दाबाने चिरडले गेले आणि २१ नोव्हेंबरला बुडाले. अठ्ठावीस माणसे आणि तीन होड्या तरंगत्या बर्फावर उरल्या. पुढे बर्फही फुटू लागला, तेव्हा त्या होड्यांतून त्यांनी १५ एप्रिल १९१६ रोजी एलिफंट बेट गाठले. जवळपास दीड वर्षाने त्यांच्या पायांखाली जमीन आली. पण त्या ओसाड खडकाकडे कोणतेही जहाज फिरकणार नव्हते. मदत आणायची तर समुद्र ओलांडूनच जावे लागणार होते.

कुठे जायचे, हा पहिला प्रश्न. दक्षिण अमेरिकेचे टोक जवळ होते, पण तिकडे जाताना पश्चिमेचा वारा सतत तोंडावर आला असता. दक्षिण जॉर्जिया बेट सुमारे १५०० किलोमीटर दूर. पण वारा पाठीशी, आणि तिथे देवमाशांच्या शिकाऱ्यांची वस्ती होती. शॅकलटनने लांबची वाट निवडली.

दुसरा प्रश्न होडीचा. तिन्ही होड्यांत 'जेम्स केर्ड' सर्वांत मोठी; मोठी म्हणजे जेमतेम बावीस-तेवीस फुटांची आणि वरून उघडी! तिला समुद्राजोगी करण्याचे काम सुतार हॅरी मॅकनिशकडे आले. त्याने बर्फावर असतानाच तिच्या कडा उंचावून ठेवल्या होत्या. आता घसरगाड्यांच्या पट्ट्या आणि खोक्यांची झाकणे जोडून त्याने वर सांगाडा उभारला. त्यावर ताणायचे कापड थंडीने फळीसारखे ताठ झालेले. ते चरबीच्या चुलीवर थोडे थोडे मऊ करीत लोकांनी शिवले. तळ मजबूत व्हावा म्हणून दुसऱ्या होडीची डोलकाठी आतून लांबीभर बसवली. फटी बुजवायला डांबर नव्हते. मग दिव्याच्या वाती कोंबल्या आणि त्यांवर चित्रकाराचे तैलरंग व सीलचे रक्त लिंपले. होडी उलटू नये म्हणून ब्लँकेटच्या पिशव्या शिवून जवळपास टनभर दगडगोटे तळाशी भरले. कप्तान वर्स्लीला हे वजन जास्त वाटत होते. शॅकलटनने मात्र ऐकले नाही. अन्न चार आठवड्यांचेच घेतले, कारण तेवढ्या काळात पोहोचलो नाही तर होडी बुडालेलीच असणार, हा त्याचा सरळ हिशेब होता.

तिसरा प्रश्न माणसांचा, आणि तो सर्वांत अवघड. नौकानयनासाठी वर्स्ली हवाच होता. टॉम क्रीन कणखर गडी. त्याने स्वतः गळ घातली. टिमोथी मॅकार्थी कायम हसतमुख. उरले दोघे: मॅकनिश आणि व्हिन्सेंट. व्हिन्सेंट अंगाने दांडगा, पण इतरांवर दादागिरी करतो म्हणून त्याला वरच्या जागेवरून उतरवले होते. मॅकनिशने तर बर्फावर असताना होड्या ओढायला चक्क नकार दिला होता. जहाज बुडाले म्हणजे करारही संपला, असे त्याचे म्हणणे. शिवाय अन्नटंचाईमुळे त्याचा लाडका बोका गोळी घालून मारण्यात आला होता, तो सलही मनात होताच.

अशा दोघांना सहा माणसांच्या होडीत का घ्यावे? शॅकलटनने उलटा विचार केला. मॅकनिशचे हात होडीला हवेत, व्हिन्सेंटचे बळ वल्ह्यांना हवे. आणि हे दोघे बेटावर राहिले तर मागे उरणाऱ्या बावीस जणांचे मनोधैर्य कुरतडतील. त्यापेक्षा ते आपल्या नजरेसमोर बरे. आणि त्याचा सर्वांत विश्वासू सहकारी फ्रँक वाइल्ड? त्याला त्याने मागे ठेवले. मागे राहणाऱ्यांनाही पुढारी लागतो, हे त्याने जाणले होते. हा परिच्छेद वाचताना मला आमची डुगडुगणारी भिंत आठवली, आणि मी पुस्तक मिटले.

२४ एप्रिलला होडी सुटली. लाटा, ओल्या कातडी झोपपिशव्या, होडीवर थिजणारे आणि कुऱ्हाडीने फोडावे लागणारे बर्फ असे ते दिवस होते. वर्स्लीला सूर्य चारच वेळा धड दिसला, तरी त्याने दिशा चुकू दिली नाही. १० मे रोजी त्यांनी दक्षिण जॉर्जिया गाठले, पण वस्ती बेटाच्या पलीकडच्या बाजूला होती. तेव्हा मॅकनिशने होडीचे स्क्रू काढून बुटांच्या तळांना ठोकले, म्हणजे बर्फावर पाय घसरू नये. ते बूट घालून शॅकलटन, वर्स्ली आणि क्रीन छत्तीस तासांत अनोळखी डोंगर ओलांडून गेले. पुढे तीन प्रयत्न फसले, आणि ३० ऑगस्ट १९१६ रोजी चिलीच्या 'येल्चो' जहाजातून तो एलिफंट बेटावर परतला. बावीसच्या बावीस जिवंत होते. मात्र याच मोहिमेची जी तुकडी खंडाच्या दुसऱ्या बाजूला होती, तिच्यातील तिघे दगावले, हेही विसरता कामा नये.

५ जानेवारी १९२२ रोजी, नव्या मोहिमेवर असताना, दक्षिण जॉर्जियातच हृदयविकाराने त्याचे निधन झाले. त्याची समाधी तिथेच आहे. 'जेम्स केर्ड' त्याच्या लंडनच्या डलिच कॉलेजात जपून ठेवली आहे; आणि 'एन्ड्युरन्स'चे अवशेष मार्च २०२२ मध्ये ३००८ मीटर खोल समुद्रात सापडले.

इथेच थांबलो तर चरित्र गोड होईल, पण खरे होणार नाही. परतल्यावर मोहिमेतील माणसांना ध्रुवपदक मिळाले. शॅकलटनने ज्या चौघांसाठी शिफारस केली नाही, त्यांत मॅकनिश आणि व्हिन्सेंट होते. ज्याच्या हातांनी होडी तगली, त्यालाच पदक नाही! मॅकनिश १९३० मध्ये न्यूझीलंडला गरिबीत वारला. २००४ साली तिथल्या लोकांनी त्याच्या थडग्यावर त्याच्या बोक्याची ब्राँझची मूर्ती बसवली.

अवघड माणसाला होडीत घेण्याइतके शॅकलटनचे मन मोठे होते; किनाऱ्याला लागल्यावर त्याला क्षमा करण्याइतके नव्हते. पहिल्या गोष्टीसाठी मी त्याच्यापुढे नतमस्तक होतो. दुसरी त्याच्याकडून शिकायची नाही, असे ठरवले आहे. यंदाच्या एकांकिकेच्या पहिल्या तालमीआधी मी त्या मुलाच्या घरी गेलो. तो आला आहे, कुरकुरही करतो आहे. भिंत मात्र या वेळी तोच उभी करणार आहे, आणि कार्यक्रमपत्रिकेत त्याचे नाव असेल.