टेस्ट नंतर लावा, आधी सॅम्पल कुठलं ते सांगा!

फायनल इयरचा प्रोजेक्ट आला की आपल्याकडे काय होतं? व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गुगल फॉर्म पडतो. पहिल्या पन्नास मित्रमैत्रिणींची उत्तरं येतात. कुणीतरी एक्सेलमध्ये टी-टेस्ट लावून देतं आणि पी-व्हॅल्यू ०.०५ च्या खाली आली की गृहीतक सिद्ध झालं म्हणून आपण मोकळे! पण व्हायव्हाला सरांनी हे पन्नासच जण का निवडले असं विचारलं, की आपली बोलती बंद.

हाच प्रश्न आयुष्यभर विचारणाऱ्या एका मराठी माणसाची आज ओळख करून घेऊ. त्यांचं नाव डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे. तुमच्यापैकी जे कृषी शाखेला आहेत, त्यांनी हे नाव पाहिलेलं असणार. अकोल्याच्या कृषी विद्यापीठातले प्रबंध उघडा, संदर्भांत 'पानसे आणि सुखात्मे' हमखास सापडतील. पण बी.ए., बी.कॉम.वाल्यांनीही हे वाचायला हवं. का ते पुढे कळेल.

एकाच इमारतीतले दोन गुरू

सुखात्म्यांचा जन्म २७ जुलै १९११ चा, सातारा जिल्ह्यातल्या बुध या गावचा. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातून १९३२ मध्ये ते पदवीधर झाले आणि पुढच्या वर्षी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात दाखल झाले. वेळ अगदी मोक्याची होती. आज आपण ज्याला हायपोथेसिस टेस्टिंग म्हणतो, ते तिथे तेव्हा घडत होतं. एका बाजूला रोनाल्ड फिशर, दुसऱ्या बाजूला इगॉन पिअर्सन आणि येझी नेमन. दोन्ही गटांचं एकमेकांशी अजिबात पटत नव्हतं. सुखात्मे मात्र दोन्हीकडे शिकले. १९३६ मध्ये पीएच.डी. आणि १९३९ मध्ये डी.एससी. मिळाली.

नेमन-पिअर्सन यांचा मुद्दा साधा आहे. निर्णय घेताना चूक दोन प्रकारची होऊ शकते. समजा, नवं बियाणं जुन्यापेक्षा सरस नाही, पण तुम्ही ते सरस म्हणून जाहीर केलं, तर शेतकऱ्याचे पैसे पाण्यात. ही पहिल्या प्रकारची चूक. बियाणं खरंच सरस आहे, पण तुमच्या चाचणीला ते दिसलंच नाही, तर चांगली गोष्ट हातची गेली. ही दुसऱ्या प्रकारची. पी-व्हॅल्यू एवढंच सांगते, की फरक नाहीच असं धरलं तर असा किंवा याहून मोठा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता किती. तुमचं गृहीतक खरं असण्याची ती शक्यता नव्हे. हा घोळ आजही बहुतेक प्रोजेक्टमध्ये असतो.

नेमन यांच्याकडे सुखात्म्यांनी नमुना निवडीचं शास्त्र पक्कं केलं. आपल्या जिल्ह्याचं उदाहरण घ्या. घाटावरची चिखली-मेहकरची जमीन वेगळी आणि घाटाखालची मलकापूर-नांदुऱ्याची वेगळी. सगळा जिल्हा एकाच टोपलीत टाकून चिठ्ठ्या काढण्यापेक्षा आधी असे गट पाडा, मग प्रत्येक गटातून नमुना घ्या. ज्या गटात चढउतार जास्त, तिथून जास्त नमुने घ्या. या विषयावर सुखात्म्यांचा पहिला महत्त्वाचा लेख आला १९३५ मध्ये. तेव्हा ते जेमतेम चोवीस वर्षांचे होते.

कडेच्या रोपांचा घोळ

१९४० मध्ये ते दिल्लीला कृषी संशोधन परिषदेत आले. तेव्हा देशात पिकाचा अंदाज कसा काढत? अधिकारी नजरेने बघायचा आणि पीक रुपयात किती आणे ते ठरवायचा. दुष्काळाच्या आणि रेशनच्या त्या काळात असा आकडा चुकणं म्हणजे माणसं उपाशी राहणं. सुखात्म्यांनी आग्रह धरला, की गावं चिठ्ठी टाकल्यासारखी निवडा, शेतंही तशीच निवडा, शेतात ठरावीक मापाचा तुकडा आखा, कापा, मळा आणि वजन करा. म्हणजेच पीक कापणी प्रयोग. तुकडा शेतात कुठे आखायचा हेही यादृच्छिक आकड्यांवरून ठरवायचं. म्हणजे चांगलं पीक बघून खुंटी ठोकायची सोय नाही. त्याच काळात आपल्या शेजारच्या अकोला जिल्ह्यात डॉ. वि. गो. पानसे यांनी कापसाची अशीच पाहणी केली.

मग वाद उभा राहिला तुकडा केवढा घ्यायचा यावरून. समोर होते प्रशांतचंद्र महालनोबिस. त्यांचं म्हणणं, तुकडे लहान घ्या, पण पुष्कळ घ्या. सुखात्म्यांनी वादावादी न करता मुरादाबाद जिल्ह्यात गव्हाच्या शेतांत वेगवेगळ्या मापांचे तुकडे कापून पाहिले. निकाल असा, की तुकडा जितका लहान, तितकं उत्पन्न फुगलेलं.

का फुगलं? हिशेब करून बघा. दोन फूट त्रिज्येच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ साडेबारा चौरस फूट आणि घेरही साडेबारा फूट. म्हणजे दर चौरस फुटाला एक फूट कड. उलट तेहतीस फूट बाजूच्या समभुज त्रिकोणात दर चौरस फुटाला कड येते फक्त ०.२१ फूट. कापणारा माणूस नकळत कडेवरची रोपं आत ओढतो. लहान तुकड्यात कडच जास्त, म्हणून चूकही जास्त. नीट शिकवलेली माणसं असतील तर लहान तुकडाही चालतो, असं महालनोबिसांच्या बाजूचं उत्तर होतं. पण सरकारी पाहणी व्हायची ती गावोगावच्या नेहमीच्या कर्मचाऱ्यांकडून.

आता यातलं मर्म बघा. असे लहान तुकडे पन्नासऐवजी पाच हजार घेतले तरी ही चूक जात नाही. उलट चुकीचा आकडाच जास्त खात्रीचा वाटायला लागतो आणि कुठलीही टेस्ट ते पकडत नाही. तुमच्या गुगल फॉर्मचंही तेच. मोबाइल आणि नेट असलेल्या मित्रांनीच तो भरला असेल, तर पाचशे उत्तरं आली तरी ती त्याच मित्रांची.

आज तुमच्या मंडळात पीक विमा किती मिळणार, हा हिशेब याच पीक कापणी प्रयोगाच्या आकड्यावर येऊन थांबतो. खुंटी कुठे ठोकली, यावर कुणाच्या तरी घरची दिवाळी अवलंबून असते.

भुकेचा आकडा

१९५१ मध्ये सुखात्मे रोमला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत गेले आणि सुमारे वीस वर्षं तिथल्या सांख्यिकी विभागाचे प्रमुख होते. जगातली दोन तृतीयांश माणसं भुकेली आहेत, असं तेव्हा सर्रास म्हटलं जाई. १९६१ मध्ये लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे त्यांनी हिशेब मांडला, की पोटभर न मिळणारे १० ते १५ टक्के आहेत. निकृष्ट आहार असणारे मात्र याहून कितीतरी जास्त. स्वतःच्या संघटनेला सोयीचा मोठा आकडा त्यांनी चालवून घेतला नाही.

१९७१ मध्ये पद्मभूषण मिळालं. पुढे पुण्यात परतल्यावर त्यांनी आणखी एक मुद्दा लावून धरला. निरोगी माणसाची अन्नाची गरज दिवसागणिक बदलते, म्हणून सरासरीपेक्षा कमी खाणारा प्रत्येक जण कुपोषित ठरत नाही. यावर वि. म. दांडेकरांसारख्या अभ्यासकांनी कडाडून टीका केली. या मापाने गरिबांचा आकडाच कमी होईल, अशी भीती होती. हा वाद २८ जानेवारी १९९७ ला सुखात्मे गेले तरी मिटलेला नव्हता.

नीट पाहिलं तर या वादातही लंडनमध्ये शिकलेल्या त्याच दोन चुका होत्या. पोट भरलेल्याला उपाशी मोजणं आणि उपाशी असलेल्याला यादीतून गाळणं. यातली कुठली चूक जास्त महागाची, हे कुठलंच सॉफ्टवेअर सांगत नाही, ते माणसालाच ठरवावं लागतं.

म्हणून यंदा प्रोजेक्ट सुरू करताना एक्सेल उघडण्याआधी वहीत चार ओळी लिहा. नमुना कुणातून घेणार, कसा निवडणार, कोण सुटून जाईल, आणि तुमचं उत्तर चुकलं तर नुकसान कुणाचं. या चार ओळी जमल्या, की टी-टेस्ट हे तासाभराचं काम आहे.