लोणीबाजारातील रेम्ब्राँट

अ‍ॅमस्टरडॅमच्या लोणीबाजारात २७ मे १८५२ रोजी रेम्ब्राँटच्या पुतळ्याचे अनावरण झाले, तेव्हा त्याला मरून पावणेदोनशेहून अधिक वर्षे लोटली होती. लायडनच्या एका पवनचक्कीवाल्याचा हा मुलगा. ऐन उमेदीत अ‍ॅमस्टरडॅमच्या धनिकांनी त्याला डोक्यावर घेतले. १६३९ मध्ये त्याने १३,००० गिल्डरांचे घर घेतले, तेही उधारीवर. शिवाय शंख, शस्त्रे, चित्रे जमविण्याचा छंद! १६५६ मध्ये दिवाळे निघाले, संग्रह आणि घर लिलावात गेले. १६६९ मध्ये वेस्टरकेर्क या चर्चमध्ये भाड्याच्या, बिननावाच्या कबरीत त्याला पुरले. त्याचे ‘रात्रीचा पहारा’ हे भव्य चित्र नगरगृहाच्या भिंतीवर मावेना, म्हणून १७१५ मध्ये त्याच्या कडा कापण्यात आल्या.

अशा नगरीला पुतळा सुचला कसा? १८३० मध्ये फुटून निघालेल्या बेल्जियमने १८४० मध्ये अँटवर्प येथे रुबेन्सचा पुतळा उभारला. शेजाऱ्याची ही मिरवणूक डचांना झोंबली. कृतज्ञतेपेक्षा ईर्षेनेच येथे अधिक काम केले, असे म्हणावे लागते. शिल्पकार लुई रॉयर यांनी घडविलेला हा पुतळा ब्राँझचा नव्हे, ओतीव लोखंडाचा आहे. १८७६ मध्ये बाजारालाही रेम्ब्राँटचे नाव मिळाले. त्याची कबर नेमकी कोठे होती, हे मात्र वेस्टरकेर्कमध्ये आजही कोणाला सांगता येत नाही.