एमिल क्रिस्टियन हॅन्सन

एमिल क्रिस्टियन हॅन्सन (८ मे, इ.स. १८४२, रीबे, डेन्मार्क – २७ ऑगस्ट, इ.स. १९०९) हे डॅनिश कवकशास्त्रज्ञ व किण्वनशास्त्रज्ञ होते. यीस्टच्या एकाच पेशीपासून शुद्ध संवर्ध वाढवून त्याचा बिअरनिर्मितीत कारखान्याच्या प्रमाणावर वापर करण्याची पद्धत त्यांनी घालून दिली.

पूर्वायुष्य

हॅन्सन यांचा जन्म जटलंडमधील रीबे या गावी एका गरीब कुटुंबात झाला. तरुणपणी त्यांनी घरे रंगवण्याचे काम केले. पुढे त्यांनी खाजगी शिक्षक म्हणून नोकरी केली आणि शिक्षणाच्या खर्चासाठी कथा-कादंबऱ्याही लिहिल्या. विद्यापीठाच्या शिक्षणापर्यंत पोहोचेतो त्यांनी तिशी गाठली होती. शेणावर वाढणाऱ्या डेन्मार्कमधील कवकांवरील प्रबंधासाठी इ.स. १८७६ मध्ये त्यांना सुवर्णपदक मिळाले. त्याच वर्षी आल्फ्रेड यॉर्गेन्सन यांच्यासह त्यांनी चार्ल्स डार्विन यांच्या बीगल जहाजावरील प्रवासवर्णनाचा डॅनिश अनुवाद प्रसिद्ध केला.

कार्ल्सबर्ग प्रयोगशाळा

कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग कारखान्याचे संस्थापक जे. सी. जेकबसेन यांनी इ.स. १८७५ मध्ये स्वतंत्र संशोधन प्रयोगशाळा सुरू केली. हॅन्सन यांनी इ.स. १८७९ मध्ये तिच्या शरीरक्रियाशास्त्र विभागाचे प्रमुखपद स्वीकारले व ते अखेरपर्यंत सांभाळले. टोकदार पेशींचे एक रानटी यीस्ट उन्हाळ्यात पिकलेल्या फळांवर वाढते आणि हिवाळा जमिनीत काढते, हे त्यांनी सुरुवातीच्या काळात सिद्ध केले. बिअरमध्ये नको असलेले यीस्ट शिरते कोठून, हा प्रश्न या संशोधनाशी निगडित होता.

शुद्ध संवर्ध

दह्यासाठी आदल्या दिवसाचे विरजण राखून ठेवतात, त्याचप्रमाणे बिअरच्या एका घाणीतील यीस्ट पुढच्या घाणीसाठी वापरण्याची प्रथा होती. जेकबसेन यांनी इ.स. १८४५ मध्ये म्युनिकहून आणलेले यीस्ट अशाच रीतीने टिकवले होते. बिअर बिघडण्याचे कारण जीवाणू असतात, असे लुई पाश्चर यांनी इ.स. १८७६ च्या ग्रंथात प्रतिपादले होते. तथापि कार्ल्सबर्गची बिअर बेचव होऊ लागली, तेव्हा हॅन्सन यांनी तेथील यीस्ट तपासले आणि त्यात एकाहून अधिक जातींचे मिश्रण असल्याचे दाखवून दिले. सूक्ष्मदर्शकाखाली या जाती सारख्याच दिसत असल्या, तरी बिअर बिघडवणारी जात त्यांपैकी रानटी होती. त्यामुळे यीस्ट धुऊन किंवा स्वच्छता वाढवून दोष दूर होण्याजोगा नव्हता.

यावर उपाय म्हणून हॅन्सन यांनी यीस्टचे द्रावण इतके विरल केले, की दर दोन चंबूंमागे सरासरी एकच पेशी यावी. चंबूंमध्ये निर्जंतुक वर्ट, म्हणजे माल्टाचा गोड अर्क असे. चंबू हलवून स्थिर ठेवल्यावर ज्याच्या तळाशी वा कडेला यीस्टचा एकच ठिपका उमटे, तेवढाच चंबू ते निवडत. अनेक ठिपके म्हणजे अनेक पेशी, म्हणून ते चंबू बाद होत. पुढे त्यांनी जिलेटिनमध्ये स्थिर केलेल्या एकाच पेशीची वाढ सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची पद्धतही वापरली.

कारखान्यातील वापर

एका ठिपक्याएवढे यीस्ट शेकडो लिटर वर्ट आंबवण्यास अपुरे असते. यीस्ट कमी पडल्यास किण्वन उशिरा सुरू होते आणि तेवढ्या अवधीत इतर सूक्ष्मजीवांना वाव मिळतो. म्हणून संवर्ध लहान चंबूतून मोठ्या चंबूत व तेथून धातूच्या पात्रात टप्प्याटप्प्याने वाढवला जाई. प्रत्येक टप्प्यावर ताजे निर्जंतुक वर्ट व गाळलेली हवा पुरवली जाई. या कामासाठी हॅन्सन यांनी कारखान्यातील क्यूले यांच्यासह एक बंदिस्त संयंत्र विकसित केले. त्यात थोडे यीस्ट मागे ठेवून पुन्हा वर्ट भरता येत असे.

जेकबसेन आरंभी साशंक होते. परंतु १२ नोव्हेंबर, इ.स. १८८३ रोजी जुन्या कार्ल्सबर्गमध्ये शुद्ध यीस्टचा वापर सुरू झाला आणि बिअरमधील दोष नाहीसा झाला. या पद्धतीचे पेटंट न घेता जेकबसेन यांनी यीस्ट इतर कारखान्यांनाही उपलब्ध करून दिले.

मर्यादा व वारसा

तळाशी बसणाऱ्या यीस्टची लागर बिअर बनवणाऱ्यांनी ही पद्धत लवकर स्वीकारली. इंग्लंडमध्ये मात्र तिला विरोध झाला, कारण तेथील मुरवलेल्या बिअरची चव मिश्र यीस्टवर अवलंबून होती. या दुय्यम किण्वनामागील ब्रेटॅनोमायसिस यीस्टची ओळख इ.स. १९०४ मध्ये कार्ल्सबर्गमध्येच पटली. एका ठिकाणी दोष ठरणारे यीस्ट दुसरीकडे आवश्यक असू शकते, हे त्यातून स्पष्ट झाले.

इ.स. १९०८ मध्ये हॅन्सन यांनी कार्ल्सबर्गच्या यीस्टला सॅकॅरोमायसिस कार्ल्सबर्गेन्सिस हे नाव दिले. आज त्याचा समावेश सॅकॅरोमायसिस पास्टोरियानस या जातीत केला जातो. ही जात संकरित असून तिच्या दोन पूर्वजांपैकी एक इ.स. २०११ मध्ये पॅटागोनियातील अरण्यात सापडलेल्या जातीशी जुळतो.

घरी बिअर बनवणारे हौशी लोक एक लिटर पाण्यात सुमारे १०० ग्रॅम कोरडा माल्ट अर्क उकळून थंड करतात व त्यात यीस्ट एक-दोन दिवस वाढवून मग मुख्य वर्टमध्ये घालतात. हॅन्सन यांनी कारखान्यासाठी आखलेल्या टप्प्यांचेच हे लहान रूप आहे.